वाफेचं इंजिन बोलतं करताना: मॉडेल रेल्वेची बांधणी, आवाज आणि चालवणं

आवाजाचं इंजिन रुळावर ठेवलं, बटण दाबलं की शिट्टी वाजते. इतपत काम सोपं आहे. पण थोड्याच वेळात कान कंटाळतात, कारण इंजिनाचं एक आणि आवाजाचं भलतंच चाललेलं असतं. चाकाचा एक फेरा होईतो सहा-सात ठोके पडून जातात. चढावर इंजिन धापा टाकत नाही, उतारावर गप्प होत नाही. शिवाय रुळांखालच्या फळीचा घरघराट आहेच, तो या सगळ्यावर मात करतो. मग माणूस आवाज वाढवतो आणि गोष्ट आणखी बिघडते.

माझ्या मते कामाचा क्रम असा असावा: आधी शांत पाया, मग अखंड वीज, मग मंद चाल, मग स्पीकर, आणि डिकोडरमधले (इंजिनात बसणाऱ्या, मोटर आणि आवाज चालवणाऱ्या छोट्या सर्किटमधले) आकडे सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट्या बाजूने सुरू करतात आणि महागडा डिकोडर बसवूनही समाधान मिळत नाही म्हणून दुसरा शोधू लागतात. हा लेख त्या क्रमाने जातो. आकडे प्रामुख्याने एचओ आणि ओओ या मॉडेलच्या मापांसाठी आहेत. इतर मापांत तत्त्व तेच.

आधी खरं इंजिन ऐका

सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झाल्यावर वाफ बाहेर सुटते तेव्हा तिच्यात दाब शिल्लक असतो. ती ब्लास्ट पाइपातून धुराड्याकडे झेपावते आणि जाता जाता भट्टीतले तापलेले वायू बॉयलरच्या नळ्यांतून ओढून नेते. म्हणून इंजिन जितके कष्ट करील तितकी आग आपोआप भडकते. आपल्याला ऐकू येणारा ठोका म्हणजे ही सुटलेली वाफ.

दट्ट्यावर वाफ दोन्ही बाजूंनी काम करते, जातानाही आणि येतानाही. दोन बाजूंना दोन सिलिंडर आणि त्यांचे क्रँक (दट्ट्याच्या ये-जा करण्याने चाक फिरवणारे भाग) एकमेकांशी ९० अंशांत, त्यामुळे मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँक साधारण १२० अंशांवर असतात आणि ठोके सहा. ब्रिटिश अभियंता ग्रेसलीच्या ए४ जातीची इंजिनं अशी तीन सिलिंडरची होती. त्यांतल्याच 'मॅलर्ड'ने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा विक्रम केला. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ठोके जोडीने एकदम पडतात, म्हणून कानाला चारच येतात. याला ठळक अपवाद इंग्लंडच्या सदर्न रेल्वेच्या 'लॉर्ड नेल्सन' जातीचा: तिथे क्रँक १३५ अंशांवर बसवले होते आणि एका फेऱ्यात आठ ठोके पडायचे. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या 'बिग बॉय'सारख्या जोडइंजिनात चाकांचे दोन संच एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. त्यांचे ठोके कधी जुळतात, कधी सुटतात, पुन्हा जुळतात. तुमच्या मॉडेलचं मूळ इंजिन कोणतं आणि त्याला सिलिंडर किती, हे शोधून ठेवा. पुढे लागणार आहे.

ठोक्यांच्या संख्येइतकाच त्यांचा पोत महत्त्वाचा. गाडी निघताना ड्रायव्हर दट्ट्याच्या बहुतेक प्रवासभर वाफ आत सोडतो, त्यामुळे बाहेर पडतानाही ती भरपूर दाबाने पडते. ठोका कडक, तुटक, छातीत बसणारा. वेग आला की ड्रायव्हर रिव्हर्सर (वाफ किती वेळ आत सोडायची ते ठरवणारा दांडा) मागे घेतो. आता वाफ थोडाच वेळ आत येते आणि उरलेलं काम पसरत पसरत करते. ठोका मऊ होतो. रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) बंद केला की ठोके जवळपास विरतात आणि चाकांना जोडलेल्या रॉडची खणखण तेवढी उरते. या तीन अवस्था वेगवेगळ्या ऐकू आल्या नाहीत तर बाकी कितीही आवाज भरा, इंजिन खेळणंच वाटणार.

उभं इंजिनही गप्प नसतं. रेग्युलेटर बंद असताना आग ओढायला ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडणारी नळी) चालू ठेवतात, त्याची बारीक फुसफुस असते. बॉयलरमध्ये पाणी घेताना इंजेक्टर गातो. चढ चढून आलेलं इंजिन थांबलं, की आग भडकलेली आणि वाफेला गिऱ्हाईक नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह फुटल्यासारखा उघडतो. हवेचे ब्रेक असतील तर पंपाचे ठाक-ठूक, व्हॅक्यूम ब्रेक असतील तर हवा ओढून काढणाऱ्या इजेक्टरचा सततचा सुस्कारा. दोन्ही एकाच इंजिनावर वाजवले तर जाणकार हसतो.

एक छोटा हिशेब करून ठेवा. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर ४.७ मीटर. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चाकाचे दोनहून थोडे अधिक फेरे, सुमारे साडेआठ ठोके. एवढ्या वेगातच ते मोजता येईनासे होतात. ताशी १५ किलोमीटरला मात्र सेकंदाला साडेतीन पडतात, प्रत्येक सुटा. मापात लहान केलेल्या मॉडेललाही हाच हिशेब लागू पडतो, कारण चाक आणि वेग दोन्ही त्याच प्रमाणात घटतात. म्हणजे आवाजाची खरी मजा मंद वेगात आहे, आणि तुमचं इंजिन मंद चालत नसेल तर ती मजा तुम्हाला मिळणार नाही.

माप, जागा, आराखडा

एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे १:७६. दोन्हींच्या रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटरच. एन मापात ते ९ मिलिमीटर, तिथे चांगल्या स्पीकरला जागा काढणं ही कसरत आहे. ३२ मिलिमीटरच्या ओ मापात टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) मोठा, स्पीकर मोठा, आवाज भरदार. पण वळणाला जागा फार लागते. सुरुवात एचओ किंवा ओओमध्ये करावी हे माझं मत.

आराखड्यात एक चढ असू द्या. सपाट रुळावर इंजिनाला कष्टच नाहीत, मग आवाज बदलणार कशाने? ५० सेंटिमीटरमागे १ सेंटिमीटर हा चढ पुरे. ३३ मागे १ च्या पलीकडे लहान इंजिनं घसरू लागतात. चढ एकदम सुरू करू नका, पायथ्याशी आणि माथ्याशी तो हळूहळू येऊ द्या. वळणं ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर ठेवता आली तर उत्तम; तयार रुळांची ४३.८ सेंटिमीटरची वळणं चालतात, पण लांब इंजिन त्यावर कुरकुरतं आणि ती कुरकुर ऐकू येते. स्टेशनात थांबायला सरळ लांबी, पुढे चढ, माथ्यानंतर उतार, आणि गाडी नजरेआड थांबवायला मागे दोन-तीन रूळ: एवढ्यात निघणं, ओढणं, घरंगळणं आणि थांबणं असा पूर्ण प्रवास बसतो.

शांत पाया

या भागावर वेळ खर्च करा, कारण नंतर तो दुरुस्त करता येत नाही.

मोठी सपाट फळी म्हणजे ढोलकीचं चामडं. चाकांची थरथर रुळातून स्लीपरमध्ये (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांत), स्लीपरमधून फळीत जाते आणि फळी ती मोठी करून खोलीभर पसरवते. वाफेच्या आवाजाशी स्पर्धा करतो तो हा घरघराट. म्हणून सलग फळी न घालता चौकट करावी: ९ किंवा १२ मिलिमीटर प्लायवूडच्या उभ्या पट्ट्या, दर ४० सेंटिमीटरवर आडवी पट्टी, आणि वर फक्त रुळाच्या रुंदीपुरता प्लायवूड. मधल्या मोकळ्या जागा डोंगर-दऱ्यांनी भरता येतात. जिथे सलग फळी घालावीच लागते, म्हणजे स्टेशनच्या आवारात, तिथे खालून फोमचे तुकडे चिकटवून तिची थरथर मारा.

फळी आणि रूळ यांच्यात मऊ थर हवा. कॉर्क ३ मिलिमीटरचा मिळतो आणि कापायला सोपा; बंद पेशींचा फोम त्याहून शांत. पण फोम फार मऊ घेतला तर इंजिनाच्या वजनाने रूळ खालीवर होतो आणि सांध्यांवर ताण येतो. बोटाने दाबल्यावर जेमतेम दबेल असा निवडावा.

खरी चूक पुढे होते. रूळ फोमवर बसवतात, आणि मग खिळे ठोकून ते खालच्या फळीला पक्के करतात. प्रत्येक खिळा थरथर खाली नेणारा पूल आहे. रूळ गोंदाने चिकटवा, टाचण्या फक्त वाळेपर्यंत लावा आणि मग काढून टाका. खडीचंही तसंच. पाणी घातलेला पांढरा गोंद वाळला की दगडासारखा घट्ट होतो, स्लीपर, खडी आणि फळी एकजीव होतात, आणि फोमवरचा खर्च वाया जातो. लॅटेक्सचा गोंद किंवा अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम वापरा, ते वाळूनही लवचीक राहतं. खडी फोमच्या कडेपाशी थांबवा, खाली फळीपर्यंत ओघळू देऊ नका.

तपासणी साधी आहे. खडी टाकण्याआधी एक जड डबा हाताने रुळावरून ढकला आणि डोळे मिटून ऐका. नंतर खडी वाळल्यावर पुन्हा ढकला. एखाद्या भागात आवाज अचानक पोकळ झाला तर तिथे काहीतरी फळीला टेकलं आहे. रूळ, खिळा, तार, नाहीतर गोंदाचा थेंब. तिथेच शोधा.

अखंड वीज

साध्या इंजिनाची वीज क्षणभर तुटली तर ते झटका खाऊन पुढे जातं, आपल्या लक्षातही येत नाही. आवाजाचं इंजिन मात्र गप्प होतं आणि कधी कधी सुरुवातीपासून भट्टी पेटवू लागतं. म्हणून इथे हयगय नको.

रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नका. फळीखालून दीड ते अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन जाड तारा सगळ्या मार्गभर न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून बारीक जोडतार द्या. डाव्या-उजव्या रुळांना दोन वेगळे रंग ठेवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. काम झालं की जागोजागी एक नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा: गाडी चालवणाऱ्या कंट्रोलरने प्रत्येक ठिकाणी तत्काळ वीज तोडली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तोडली नाही तर तिथली तार कमी पडते आहे, आणि उद्या तिथे डबा घसरला तर काहीतरी वितळेल.

सांधे बदलण्याच्या जागी, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो त्रिकोणी तुकडा प्लॅस्टिकचा असला की लहान इंजिन त्यावर मरतं. धातूचा तुकडा आणि त्याची ध्रुवता सांध्याबरोबर बदलणारा स्विच, हा खर्च टाळू नये.

रुळांवरचा दाब एचओ आणि ओओसाठी १४ ते १६ व्होल्टच्या आसपास ठेवावा. जास्त दिल्याने आवाज सुधारत नाही, डिकोडर तापतो.

इंजिन आणि डिकोडर

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर सतत वीज असते आणि तिच्यातूनच आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनाला पत्ता असतो आणि ते फक्त आपली आज्ञा ऐकतं. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीवरून अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या संस्थेने १९९० च्या दशकात तिचं मानक केलं, म्हणून एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा डिकोडर चालवतो. जुन्या पद्धतीत, जिथे व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, उभ्या इंजिनाला वीजच नसते. मग उभ्या इंजिनाचे ते सगळे आवाज गेले. म्हणून आवाज हवा असेल तर डीसीसीच.

डिकोडर घेण्याआधी इंजिन नुसतंच चालवून पाहा. अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगाने. मग सर्वांत मंद. चाक एका विशिष्ट जागी दर फेऱ्याला अडखळत असेल तर रॉड, क्रँकचा कोन किंवा वाकडा अ‍ॅक्सल तपासा. ही लंगडी चाल डिकोडर काही अंशी झाकतो, पण ठोक्यांच्या ठेक्यात ती उघडी पडते. वीज किती चाकांतून घेतली जाते तेही पाहा. टेंडरच्या चाकांनाही वीज घेणाऱ्या पट्ट्या असतील तर अर्धी लढाई जिंकली.

जोडणीची जागा इंजिनातच असेल तर तिचा प्रकार पाहून डिकोडर घ्या: ८ पिनांची जुनी, २१ पिनांची, नेक्स्ट१८ किंवा प्लक्स२२. ईएसयूचा लोकसाउंड, झिमो आणि साउंडट्रॅक्सचा त्सुनामी ही प्रचारातली नावं. कंपनीपेक्षा त्यात भरलेला आवाज कोणत्या इंजिनाचा आहे हे महत्त्वाचं. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन सिलिंडरचा आवाज भरला तर ठोके जुळवता येतील, पण ठेका चुकलेलाच राहील. विकत घेण्याआधी त्या आवाजाची ध्वनिफीत ऐका, तीही हेडफोनवर नको. लहान स्पीकरवर कशी वाटते ते पाहा.

स्पीकर

आवाजाच्या दर्जाचा मोठा वाटा इथे आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लहरी कडेने एकमेकींना भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात, विशेषतः खालच्या सुरांत. म्हणून मागची हवा डबीत कोंडायची. डबीशिवाय स्पीकर हातात धरून वाजवा, मग त्याच स्पीकरला मागून डबी घट्ट दाबून वाजवा. फरक एवढा असतो की आधी स्पीकर खराबच आहे असं वाटलेलं असतं.

डबी हवाबंद हवी. कडेला केसाएवढी फट राहिली तरी खालचे सूर गळतात आणि वर एक चिरका फुर्रर येतो. जोडावर सिलिकॉन किंवा लवचीक गोंदाची पातळ रेघ फिरवा. मात्र पडद्याच्या कडेला गोंद लागू देऊ नका. तारा बाहेर येतात ते भोक विसरलं जातं, तेही बुजवा. हल्ली ११ बाय १५ मिलिमीटरचे चौकोनी छोटे स्पीकर सर्रास वापरतात. जागा असेल तर अशा एकापेक्षा दोन, किंवा एकच मोठा घ्यावा. डबी जितकी खोल तितकं बरं.

ओहम जुळवा. ८ ओहमचे दोन समांतर जोडले तर ४ ओहम होतात, एकामागे एक जोडले तर १६. डिकोडरच्या पत्रकात जी कमीत कमी मर्यादा लिहिली असेल तिच्याखाली जाऊ नका, नाहीतर ध्वनीचा भाग जळतो. दोन स्पीकरांचे अधिक-उणे उलटे जोडले तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि आवाज पातळ होतो.

बसवायचा कुठे? सोय पाहिली तर टेंडरमध्ये: जागा भरपूर, कोळशाच्या ढिगाखाली भोकं पाडून वर खऱ्या कोळशाचा चुरा सैलसर चिकटवला की आवाजाला वाट मिळते आणि दिसत काहीच नाही. पण ठोका धुराड्यातून येतो, टेंडरमधून नव्हे. एचओत हा फरक बोटभर अंतराचा आहे आणि कान तो पकडतो असं मला वाटत नाही. ओ मापात मात्र पकडतो. तिथे मी धुराड्याखालच्या स्मोकबॉक्समध्ये जागा शोधीन.

लहान स्पीकर छातीत बसणारा ठोका देऊ शकत नाही. त्याच्या आकाराची ती मर्यादा आहे आणि कोणताही डिकोडर ती ओलांडणार नाही. खालचे सूर कुठून येतात हे कानाला नीट कळत नाही, म्हणून काही जण फळीखाली मोठा स्पीकर ठेवून खालचे सूर तिथून देतात. एकाच इंजिनाच्या प्रदर्शनात ते छान वाटतं. इंजिनं दोन झाली की गोंधळ.

बसवताना

टोपण काढा, फोटो घ्या, स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवा. जोडणीची जागा नसलेल्या जुन्या इंजिनात मोटरची दोन्ही टोकं सांगाड्यापासून आणि रुळांपासून पूर्ण सुटी करणं हे सगळ्यांत महत्त्वाचं. मल्टिमीटर लावून खात्री करा: मोटरच्या कोणत्याही टोकापासून कोणत्याही चाकापर्यंत वीज जाता कामा नये. इथे चूक झाली तर डिकोडर पहिल्याच क्षणी संपतो.

तारांचे रंग ठरलेले आहेत: लाल आणि काळी रुळांकडून, नारंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला, निळी दिव्यांची सामाईक. स्पीकरच्या तारांचा रंग कंपनीप्रमाणे बदलतो. जोडांवर उष्णतेने आकसणारी नळी घाला. चिकटपट्टी काही महिन्यांत सुटते. डिकोडरभोवती काही गुंडाळू नका, त्याला हवा लागते.

विजेचा क्षणिक खंड सांभाळणारं कपॅसिटरचं पाकीट जागा असेल तर जरूर घाला. ते रुळातल्या खराब जोडणीवरचं औषध मात्र नव्हे.

टोपण लावण्याआधी इंजिन प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर ठेवा. तिथे वीज मर्यादित असते, त्यामुळे जोडणी चुकली असली तरी सहसा नुकसान होत नाही. पत्ता वाचता आला तर जोडणी बरोबर. कपॅसिटर लावलेलं असेल तर वाचन कधी कधी फसतं. तेवढ्यापुरतं ते सोडवून ठेवा.

आकडे

डिकोडरच्या आत सीव्ही नावाचे क्रमांकित कप्पे असतात, प्रत्येकात एक आकडा. बदलण्याआधी मूळ आकडा वहीत लिहा. फारच घोळ झाला तर अनेक डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं मूळ पदावर येतं.

पहिल्यांदा पत्ता: लहान पत्ता सीव्ही १ मध्ये. मग मोटर. डिकोडर वीज क्षणभर थांबवून मोटर स्वतः किती व्होल्ट निर्माण करते ते मोजतो आणि त्यावरून वेग व ओझं ओळखतो. चढावर ठोके कडक होतात ते याच मोजणीमुळे, म्हणून ती इंजिनाला जुळलेली हवी. लोकसाउंडमध्ये सीव्ही ५४ मध्ये ० लिहून कंट्रोलरवरचं एफ१ हे बटण दाबलं की इंजिन क्षणभर पूर्ण वेगाने पळतं आणि स्वतःच माप घेतं. पुढे मोकळा सरळ रूळ असू द्या!

आता जुळणी, म्हणजे चाक आणि ठोका. चाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. सर्वांत मंद वेगावर इंजिन चालवा आणि ठिपका खाली येईल तेव्हापासून पुन्हा खाली येईपर्यंत ठोके मोजा. दोन सिलिंडरला चार हवेत. डोळा आणि कान एकदम काम करत नसतील तर मोबाइलवर आवाजासकट चित्रण करून सावकाश पाहा. लोकसाउंडमध्ये सीव्ही ५७ आणि ५८ या जोडीने, झिमोमध्ये सीव्ही २६७ ने हे अंतर बदलतं. आधी मंद वेग जुळवा, मग मध्यम. वेगात थोडी तफावत राहिली तर सोडून द्या, तिथे कोणालाच मोजता येत नाही. मोठ्या मापात अ‍ॅक्सलवर चुंबक आणि त्याला ओळखणारा स्विच बसवून प्रत्येक ठोका थेट चाकाकडून घेता येतो. एचओत त्याची गरज नाही.

वेग वाढण्याचा संथपणा सीव्ही ३ मध्ये, थांबण्याचा सीव्ही ४ मध्ये. दोन्ही बरेच वाढवा. आकड्याचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून घड्याळ लावून पाहा: जड गाडीने उभ्यापासून मध्यम वेगाला यायला अर्धं मिनिट घेतलं तर ते अजिबात जास्त नाही. कमाल वेग सीव्ही ५ ने कापा. खरा वेग काढायला एक मीटर अंतर आखा आणि ते किती सेकंदांत कापलं जातं ते मोजा. ओओमध्ये २७४ ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर येतात. एचओमध्ये ३१३ ला. मालगाडीच्या इंजिनाला मी ताशी ६० च्या वर जाऊ देत नाही.

शेवटी आवाजाची पातळी. मुख्य पातळी लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३, झिमोमध्ये सीव्ही २६६. कारखान्यातून येते ती दुकानात गिऱ्हाईक खेचायला ठेवल्यासारखी असते. लोकसाउंडमध्ये कमाल १९२ आहे, तिथे ६० पासून सुरू करा. विचार असा करा: एचओचं इंजिन एक मीटरवरून पाहता तेव्हा मूळ मापात तुम्ही ८७ मीटर दूर उभे आहात. तेवढ्या अंतरावरून खणखण जेमतेम येते, ठोका स्पष्ट येतो, शिट्टी सगळ्यांत वर. म्हणून प्रत्येक आवाजाची स्वतंत्र पातळीही या क्रमाने लावा. कोळसा ओढणाऱ्या फावड्याचा आवाज शिट्टीइतका मोठा येतो अशा फायली मी ऐकल्या आहेत.

आता चालवा

गाडी स्टेशनात उभी आहे. ब्लोअरची फुसफुस आणि अधूनमधून पंप. निघण्याच्या थोडं आधी फावडं वाजवा. फायरमन आग आधीच तयार करतो, गाडी सुटल्यावर नव्हे. ब्रेक सोडा. शिट्टी एकदाच, छोटी. उभं राहिल्याने सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असतं, ते काढायला ड्रेन कॉक उघडून निघतात, म्हणून त्याचा जोरदार फुसकारा चालू करा आणि नॉब थोडासाच फिरवा. पहिला ठोका पडेपर्यंत थांबा. दुसरा. चाकाचे दोन-तीन फेरे झाले की ड्रेन कॉक बंद.

आता नॉब हव्या त्या वेगापेक्षा पुढे न्या. सीव्ही ३ मुळे गाडी लगेच पळणार नाही, पण डिकोडरला कळतं की वेग वाढवायचा आहे आणि ठोके कडक होतात. हवा तो वेग येत आला की नॉब तेवढ्यावर मागे आणा. ठोके मऊ होतील. ड्रायव्हर रिव्हर्सर मागे घेतो त्याचीच ही नक्कल. चढाच्या पायथ्याशी नॉब एक-दोन पायऱ्या वाढवा. माथा ओलांडला की बराच कमी करा: ठोके विरतील आणि खणखण सुरू होईल. स्टेशन येईपर्यंत तशीच घरंगळू द्या. काही डिकोडरांत वेग न बदलता फक्त कष्टाचा आवाज वाढवणारी कळ असते आणि ब्रेकची वेगळी कळ असते. ती दोन्ही अंगवळणी पडली की नॉबकडे फार पाहावं लागत नाही. थांबल्यावर, इंजिन चढ चढून आलं असेल तरच, सेफ्टी व्हॉल्व्ह.

बटणं कमी दाबा. अठ्ठावीस आवाज आहेत म्हणून अठ्ठावीस वाजवले तर ते इंजिन राहत नाही.

देखभाल आणि दुसरं इंजिन

रूळ मळल्याचं पहिलं लक्षण कानाला कळतं: चाल बिघडण्याआधी आवाज तुटू लागतो. रूळ धागे न सुटणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर वापरू नका. त्याचे ओरखडे मळ धरून ठेवतात. चाकांसाठी भिजवलेलं कापड एका टोकाला रुळांवर पसरा, इंजिनाची अर्धी चाकं कापडावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवा, हाताने धरून चाकं फिरू द्या, मग उलटं करा. नवाच चिरका आवाज येऊ लागला तर बहुधा डबीचा जोड सुटलेला असतो किंवा टोपणाचा एखादा भाग थरथरतो. वाजत असताना टोपणावर जागोजागी बोट टेकवून पाहा. आवाज जिथे थांबेल तिथे दोष.

दुसरं इंजिन आलं की प्रत्येकाची पातळी आणखी खाली घ्या आणि जे इंजिन बाजूला उभं आहे त्याचा आवाज बंद ठेवा. एकाच गाडीला दोन इंजिनं जोडायची असतील तर आधी त्यांचे वेग जुळवा, एकाच मीटरभर अंतरावर मोजून, आणि मगच त्यांना एक सामाईक पत्ता द्या. ठोके जुळवण्याच्या फंदात पडू नका; खऱ्या गाड्यांतही दोन इंजिनांचे ठोके आपापल्या ठेक्याने पडत. शिट्ट्या मात्र वेगळ्या पत्त्यांवर ठेवा, म्हणजे पुढच्याने वाजवल्यावर मागच्याने उत्तर देता येतं.